ऐंशी वॅटच्या सासूबाई

ओबरटालहाइम,
जानेवारीतला रविवार, दुपार (शांततेच्या वेळेत)

आल्ब्रेख्तराव,

अकरा खिडक्यांच्या तिहेरी काचेच्या चौकटी, चारही भिंतींतलं मेंढीच्या लोकरीचं अस्तर, त्यावरचा मातीचा गिलावा (तीन हात, तिसरा ओल्या स्पंजाने), छपरावरच्या सौरपट्ट्यांचा सांगाडा, घरात हवा खेळवणारे सगळे नळ, उष्णतापंपाखालचा ओटा आणि गावच्या चौकातली 'दुपारी एक ते तीन शांतता पाळावी' ही पाटी, एवढं सगळं ज्याने स्वतःच्या हातांनी केलं आणि कुणाला एक खिळा ठोकू दिला नाही, त्या तुमच्या मेहुण्याचा हातमोजे घालूनच नमस्कार. ब्रेमेनला तुम्ही सगळे खुशाल असाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींची खोकल्याची उबळ गेली का? माझं म्हणाल तर मी ठीक आहे. घरात सोळा अंश आहेत. सोळा अंश तब्येतीला उत्तम, असं मी एका जाड पुस्तकात वाचलं होतं. फरशी गार लागते म्हणून सध्या ते पुस्तक पायांखाली घेतलं आहे.

तुम्हाला आठवत असेल, तुमचे वडील गेल्यावर आम्ही या घरात आईंना सोबत म्हणून राहायला आलो, तेव्हाच मी सांगितलं होतं की या घरात यापुढे गॅस नको, तेल नको, लाकूड नको. शिकलो मी फक्त कारखान्यात यंत्रावर चाकांना दाते पाडायला, हे खरं. पण चार हिवाळे बसून मी हा सगळा विषय स्वतः शिकलो, आणि आता आमच्या कारखान्यातले इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत मला टाळतात. मूळ कल्पना सोपी आहे. घर म्हणजे थर्मासची बाटली. आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, म्हणजे नवी ऊब जवळजवळ लागतच नाही. जी थोडी लागते ती उन्हातून, छोट्या पंपातून आणि घरातल्या माणसांच्या अंगातून मिळते. शेवटची गोष्ट लोक विसरतात. मी विसरलो नाही. मी प्रत्येकाची ऊब हिशेबात धरली आणि पंप चार किलोवॅटचा घेतला. दुकानदार सहाचा घ्या म्हणत होता. मी म्हटलं, ज्याला भागाकार जमत नाही त्याने सहाचा घ्यावा.

थर्मासला भोक चालत नाही, म्हणून धुराडंही बंद केलं. ओघाने तुमच्या वडिलांची शेगडीही बंद झाली. (तीच, बैठकीच्या खोलीतली, हिरव्या फरशांची, भोवती बाक असलेली. खोलीचा चौथा हिस्सा खाते. सकाळी एकदा लाकडं घातली की रात्रीपर्यंत ऊब, असं आई सांगतात, पण त्याला काही शास्त्रीय मोजमाप नाही. ती अजून तिथे कशी, असं तुम्ही विचाराल. वजन दोन टन आहे, आणि मला वेळ झालेला नाही. धुराडंही छपरावर तसंच उभं आहे, त्याच्या सावलीमुळे दोन सौरपट्ट्या वाया जातात. त्यालाही वेळ झालेला नाही.)

मग घराची गळती मोजणारा माणूस आला. दारात मोठा पंखा बसवतात, घरातली हवा खेचतात आणि फटींतून किती परत शिरते ते बघतात; आकडा जितका लहान तितकं घर घट्ट. पहिल्या वेळी आकडा इतका भयंकर आला की तो माणूस बिचारा मला खुर्चीवर बसा म्हणाला. वर जाऊन बघतो तर आईंच्या खोलीची खिडकी सताड उघडी, कठड्यावर दुलई पसरलेली आणि आई शांतपणे उशा झटकत होत्या. म्हणाल्या, "खालचा तो मनुष्य पंखा लावून बसलाय, म्हणजे त्यालाही कोंदट होत असणार." शेवटी गेरलिंडेने त्यांना केस सेट करायला नेलं आणि आकडा आला शून्य पूर्णांक चार. आल्ब्रेख्तराव, अख्ख्या तालुक्यात शून्य पूर्णांक चार कुणाकडे नाही. त्या माणसाने माझा हात हातात घेतला. त्या संध्याकाळी मी घराभोवती दोनदा नुसताच चालून आलो.

पण आपल्या लोकांचं खिडक्यांचं वेड तुम्हाला ठाऊक आहे. उठलं की खिडक्या उघडायच्या, बाहेर उणे दहा असो. मी आईंना परोपरीने सांगितलं की नळांतून ताजी हवा चोवीस तास येते. त्या म्हणाल्या, "नळातून पाणी येतं, जावईबापू. हवा खिडकीतून येते." रोज सकाळी सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड. रोज सकाळी माझी रात्रभराची ऊब थेट शेजारच्या नेगेलेच्या अंगणात. तेव्हा मी वाद न वाढवता, कुणाला न दुखावता, सगळ्या खिडक्यांच्या उघडायच्या मुठी काढून घेतल्या. अकराच्या अकरा. (पितळी आहेत, मीच घासून चकचकीत केल्या होत्या.)

हे झालं नाताळच्या आधी. नाताळच्या जेवणाला मसूर आणि घरच्या शेवया होत्या, वातावरण जरा ताठ होतं, म्हणून मी विषय हलका करावा या हेतूने उबेचा हिशेब समजावून सांगितला. बसलेलं वयस्क माणूस ऐंशी वॅट, म्हणजे आई ऐंशी. गेरलिंडे शंभर, कारण ती हिंडती-फिरती. आईंनी काटा खाली ठेवला. "बघ गं गेरलिंडे," त्या म्हणाल्या, "पंचावन्न वर्षं या घरात राबले, आणि जावईबापूंनी शेवटी माझी किंमत काढली. बल्बाएवढी." मी समजूत घातली की हल्लीचे बल्ब नऊच वॅटचे असतात, त्या हिशेबाने त्या एकट्या जवळजवळ नऊ बल्ब आहेत. याने समजूत पटली नाही. दुसऱ्या दिवशी त्या तुमच्या मामेबहिणीकडे, रोझविठाच्या बेकरीवरच्या खोलीत राहायला गेल्या. "भट्टीवर निजेन," म्हणाल्या, "पण बाटलीत निजणार नाही. खिडकी उघडली आणि शेगडी पेटली की निरोप पाठवा." गेरलिंडे त्यांना पोचवायला म्हणून दोन दिवसांसाठी गेली. तिसरा आठवडा चालू आहे. मी रोज सकाळी पाव आणायला जातो. तिथे आता मदतीला उभी राहणारी गेरलिंडे मला गल्ल्यापलीकडून, गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारते, "आणखी काही?" मी म्हणतो, नाही.

आता शास्त्र बघा. ऐंशी आणि शंभर मिळून एकशे ऐंशी वॅट घरातून निघून गेले. त्यांच्या अंघोळी, इस्त्री, केक भाजणं हे वेगळंच. माझा पंप सगळे घरात आहेत असं धरून घेतलेला. त्यात नेगेले. तुम्हाला माहीत आहे, मी ती पाटी लावायला ग्रामसभेला भाग पाडलं ते त्याच्या करवतीमुळे. पंपाचा ओटा त्याच्या कुंपणालगत आहे, कारण नळ तिथूनच सर्वात सरळ जातो. पंप गुणगुणतो. दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी नेगेले कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "हार्टमुट, चौकात एक पाटी आहे. अक्षर सुरेख आहे. वाचलीस का?" आता पाटी मी स्वतः रंगवलेली. मी पंप बंद केला. रोज करतो. म्हणजे ऊन असतं तेव्हा पंप झोपलेला. रात्रीचंही तेच, तिथे तर कायदाच आहे. घर पंधरा-सोळावर येऊन बसलं आहे, वर सरकत नाही. आकडा मात्र अजून शून्य पूर्णांक चार आहे. निदान काल तरी तितकाच असावा. आत मी आणि माझे शंभर वॅट. कधी वाटतं, थर्मास एकदम उत्तम झाला, फक्त आत चहा ओतायचा राहिला.

असो. बाकी घर बघायला तुम्ही एकदा यायला हवं. बैठकीच्या खोलीतला गिलावा सध्या जरा करडा दिसेल, तो मातीचा स्वभाव आहे.

तुमचा,
हार्टमुट

ता. क. गिलाव्याविषयी एक खुलासा. तो मातीचा स्वभाव नाही. गुरुवारी, केवळ तुलनात्मक मोजमाप घ्यावं म्हणून, मी छपरावर जाऊन धुराड्यावरचा पत्रा आणि फळी काढली आणि शेगडी पेटवली. फळीखाली मी लोकरीचा एक बोळा दाबून बसवला होता. तो जागेवर नव्हता, मी समजलो की उंदरांनी नेला. तो खाली घसरून शेगडीच्या पोटातल्या वळणावर अडकला होता. धूर सगळा खोलीत आला. शून्य पूर्णांक चारच्या घरातून धूर कुठेही जात नाही, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. खिडकी उघडायला धावलो तर मुठी गाडीच्या डिकीत.

ता. क. २. बोळा काढायला तुमच्या वडिलांनी शेगडीच्या मागच्या अंगाला एका फरशीआड झाकण ठेवलं होतं, असं आई पूर्वी एकदा म्हणाल्या होत्या, पण कोणती फरशी ते त्यांनाही सांगता आलं नव्हतं. शेगडी बांधली तेव्हा तुम्ही वडिलांच्या हाताखाली माती कालवत होतात, तुम्हाला ठाऊक असेल. मी सगळ्या वाजवून पाहिल्या, सगळ्या सारख्याच वाजतात, आणि अंदाजाने एकही फोडायची नाही. म्हणून तुम्ही या. गुडघा दुखत असला तर आगगाडीने या. येण्याचं गेरलिंडेला कळवू नका, नेगेलेला तर नाहीच. रोझविठाच्या वरच्या खोलीतून आपलं धुराडं सरळ दिसतं, धूर दिसला की त्यांना काय ते तिथून कळेल. अशा घट्ट घरात शेगडीला हवा लागते, म्हणजे ती पेटल्यावर एक खिडकी उघडी ठेवावीच लागणार. आकडा गेला. आईंच्या खोलीची मूठ मी आज सकाळी परत बसवली.

ता. क. ३. शेगडी हलवायला मला वेळ झाला नाही असं वर लिहिलं आहे. गेल्या मार्चमध्ये श्टुटगार्टहून एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला होता. एकेक फरशी सोडवून, पुसून, स्वतःच्या माणसांकरवी उचलून नेतो, जागा झाडून देतो म्हणाला. साडेनऊ हजार युरो देत होता. मी नाही म्हटलं.