हरेशची पट्टी

३ फेब्रुवारी २०२५

जीवनगौरव! मला! पत्र वाचून उन्मेषनं लगेच ओवीला फोन लावला — "तुझी आई आता मोठी माणूस!" मी पत्र पुन्हा वाचलं. 'कारखान्यांच्या उंच चिमण्यांभोवती असमान अंतरावर पट्टी गुंडाळण्याची त्यांची मौलिक कल्पना.'

त्यांची म्हणजे माझी. पण ती माझी नाही. हरेशची आहे.

५ फेब्रुवारी

भाषणाची पहिली ओळ चार वेळा खोडली.

६ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. १९९६. माझी पीएच.डी. चालू होती. गोल चिमणीवरून वारा गेला की मागं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटतात आणि चिमणी डुलायला लागते. पट्टी गुंडाळली की भोवरे विस्कटतात. सगळे पट्टी सारख्या अंतरानं गुंडाळायचे. आमच्या विंड टनेलचा, म्हणजे वारा सोडून मॉडेल तपासायच्या बोगद्याचा, मेकॅनिक हरेश म्हणाला, "मॅडम, थोडा आगे-पीछे करके देखो ना." त्यानंच चिमणीच्या मॉडेलवर तशी गुंडाळली. मॉडेल एकदम शांत! इतकं शांत मी कधीच पाहिलं नव्हतं.

पेपर लिहिताना गाईडसरांना भीत भीत विचारलं. "मेकॅनिकचं नाव पेपरात घालतात का?" म्हणाले. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर — बरं वाटलं मला. आभारातसुद्धा त्याचं नाव नाही. त्याच पेपरावर मी प्रोफेसर झाले. हे आजवर उन्मेषलाही सांगितलेलं नाही.

८ फेब्रुवारी

उन्मेषला सांगितलं. "एवढ्या वर्षांनी कशाला उकरतेस?" मग जेवताना, ताटाकडे बघत — "जाऊन ये."

९ फेब्रुवारी

गेले. उल्हासनगर, कॅम्प एक. हरेश आता मिक्सर दुरुस्त करतो. केस पार पिकलेत. मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, मुलीला — ऋतिकाला — चहा सांगितला. मी उभ्यानंच बोलून टाकलं, "हरेशभाई, तुमची कल्पना मी माझी म्हणून छापली. आता स्टेजवरून तुमचं नाव सांगणार आहे."

त्याचा चेहराच उतरला. "नाही मॅडम! प्लीज! मेरा नाम मत लो."

मला वाटलं, संकोच. ऋतिका आत जाईपर्यंत तो थांबला.

"पट्टी गुंडाळताना मॉडेल हलू नये म्हणून बुडाचा स्क्रू आवळला मी. नंतर ढिला करायचा राहिला. मॉडेल हिलनेवालाच नव्हता, मॅडम. खोलताना समजला मला. सरांना बोललो. सर बोलले, नोकरी पाहिजे ना? मग गप."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"आप इतनी खुश थीं..." मग खाली बघून, "पेपर आला, त्यात माझं नाव नाही. सुटल्यासारखं वाटलं."

म्हणजे दोघांनाही!

त्याच आठवड्यात टनेलची मोटर जळली होती. चाचणी पुन्हा घ्यायची राहिली. राहिली — की मीच राहू दिली?

१० फेब्रुवारी

चहा तसाच ठेवून आले. आत्ता आठवलं.

१२ फेब्रुवारी

राजसी — माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या कॉलेजात टनेल आहे. तसंच मॉडेल केलं. स्क्रू मी माझ्या हातानं ढिला केला, दोनदा तपासला. वारा सोडला. मॉडेल डुललं! बिनपट्टीचं डुलतं तेवढंच.

राजसीनं वारा बंद केला. हाच पेपर ती वर्गात शिकवते.

घरी येऊन पेपर छापणाऱ्या जर्नलला लिहिलं. पुरस्कार नको म्हणून कळवलं, कारणासकट. दोन्हीकडे चूक माझी म्हणूनच लिहिली.

१३ फेब्रुवारी

अंबरनाथला एका कारखान्यात माझ्या सल्ल्यानं अशी चिमणी उभी आहे. सकाळी पहिला फोन तिथं. मेंटेनन्सचे चिंतामणी, सुरुवातीपासूनचे. म्हटलं, "ती चिमणी धोक्याची आहे, उतरवून घ्या."

"अहो मॅडम, ती दुसऱ्याच वर्षी हलायला लागली! चारी बाजूंनी तारा ओढून बांधली आम्ही. तुमचं नाव एवढं मोठं — वाटलं, आपलंच वेल्डिंग चुकलं असणार. वेल्डरला काढून टाकला ना तेव्हा."