करारात हातांचा उल्लेख नाही

प्रिय व्हर्नन,

कागदावर तुझं हेच नाव लिहावं लागतं. आईने ठेवलेलं खरं नाव, भुवईजवळ दोन बोटं टेकवून हसत घ्यायचं, ते लिहायला अजून कुणी लिपी काढलेली नाही. तुझ्यासाठी वाचणं म्हणजे खडे निवडत भात खाणं, हे मला ठाऊक आहे. तू माझा एकही लेख शेवटपर्यंत वाचलेला नाहीस, आणि गावच्या पेपरात इतकी वर्षं विनोदी सदर चालवणाऱ्या बहिणीने हा अपमान मुकाट गिळलेला आहे. पण घाबरू नकोस. हे पत्र तुला वाचायचं नाही, ते तुला हातांनी सांगितलं जाणार आहे. असं का, ते ओघात येईलच. आधी मला थोडी बडबड करू दे. कानवाली माणसं घाबरली की बडबडतात, असं आई म्हणायची.

तर बातम्या. बहिऱ्यांच्या क्लबाची इमारत विकली गेली. तिथे आता कुत्र्यांचे केस कापायचं दुकान निघतंय. शेवटच्या शनिवारी दुपारी सगळे जमले, कॉफी नेहमीसारखीच भिकार होती, आणि आर्डिथने बिंगोत नेहमीसारखीच लबाडी केली. पकडल्यावर म्हणाली, इमारतच गेली तिथे एका डावाचं काय घेऊन बसलात! आई आणि ती एकाच निवासी शाळेत वाढल्या. तिथे हातांनी बोललं की बोटांवर पट्टी बसायची, आणि त्याचा सूड म्हणून दोघींनी पुढे जन्मभर हातांना विश्रांती दिली नाही. आर्डिथ म्हणते, क्लब गेला तर गेला, मी आता तुरुंगातच मुक्काम टाकते, तिथे म्हणे सरकार बहिऱ्यांची फार सोय करतंय. हा टोमणा तुला नाही, सरकारला आहे. थोडा तुलाही आहे.

तू निर्दोष नाहीस. दारू पिऊन ट्रक चालवलास आणि एक माणूस घरी पोचला नाही. आईने हे कधी झाकलं नाही. क्लबात कुणी तुझी बाजू घ्यायला हात उचलला की ती त्याला तिथल्या तिथे गप्प करायची: माझा मुलगा शिक्षा भोगतोय, बरोबरच आहे. पण शिक्षा वर्षांची झाली होती. तोंड बांधून बसायची शिक्षा न्यायाधीशांनी कुठे वाचून दाखवली होती? पहिल्या भेटीची आठवण आहे ना? तुमचे हात चालू झाले आणि पहारेकरी खुर्ची पाडत धावत आला, टोळीच्या खुणा करायच्या नाहीत म्हणून. आई त्या वेळी तुला विचारत होती, पायमोजे पुरतात का. मी त्या गृहस्थांना समजावलं, साहेब, ही पायमोज्यांची टोळी आहे, फार घातक. ते हसले नाहीत. भेट तिथेच संपली.

मग आईच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस, आणि तुमचा तुरुंग राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिचं येणं थांबलं. तिच्या घरी व्हिडिओफोन होता, त्यावर ती दिवसभर आर्डिथशी कुणाकुणाची उणीदुणी काढायची. तुमच्याकडे मात्र भिंतीवर कानवाल्यांचे फोन, आणि कपाटात टाइप करून बोलायचं एक जुनं यंत्र. त्या कपाटाची किल्ली कायम रजेवर असलेल्या माणसाकडे. आणि मिळालं असतं तरी काय उपयोग? आईचं लिहिणं तुझ्यासारखंच. 'मी बरी. थंडी फार. तू जेव.' एवढ्यात तिचं पत्र संपायचं. माझ्याकडून लिहून घे म्हटलं तर म्हणायची, तुझं पत्र तू लिही, माझं माझ्या हातांत आहे. तिला एकच गोष्ट हवी होती, जाण्याआधी एकदा तुझ्याशी पोटभर बोलायचं. ती हे डॉक्टरलाही सांगायची. डॉक्टर मला विचारायचा, काय म्हणतायत? मी सांगायचे, तुम्ही लवकर उरका म्हणतायत, मुलाचा फोन यायचाय.

दाव्याची गोष्ट तुझीच आहे, पण त्यातला एक तुकडा तुला कुणी सांगितला नसणार. ग्रेबिल वकीलबाईंनी तुम्हा सगळ्यांचा मिळून सरकारवर दावा लावला होता. तुझा, लाउडस्पीकरवर पुकारलेली हजेरी न ऐकल्याबद्दल शिक्षा खाणाऱ्या बाकी बहिऱ्यांचा, आणि तुझ्या बराकीतल्या त्या चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या पर्डीचा. न्हाणीघराला उंबरा, म्हणून तो आंघोळीला हातांवर रांगत जायचा. मध्येच सरकारकडून निरोप आला की व्हर्ननने आपलं नाव मागे घेतलं, तर त्याच्या एकट्यासाठी व्हिडिओफोन लगेच बसवू. तू नाही म्हणालास. मग ग्रेबिलबाई आमच्याकडे आल्या, कारण नकार तुझा असला तरी दिवस आईचे जाणार होते. स्वयंपाकघरात बसून मी त्यांचं बोलणं हातांनी आईला सांगितलं. आईने विचार करायलाही वेळ घेतला नाही. म्हणाली, त्या म्हाताऱ्याला माणसासारखी आंघोळ मिळू दे. मी थांबते. हे दोनदा सांगायचं आहे, म्हणून पुन्हा लिहिते. मी थांबते, म्हणाली. आणि वर, पोरगा माझ्यावर गेलाय, हे सांगताना तिचा चेहरा असा काही खुलला होता की ग्रेबिलबाईंना भाषांतराची गरजच पडली नाही.

शेवटी तडजोड झाली. तो करार मी पुरा वाचला आहे. विनोदी लिहिणाऱ्या माणसाने असले कागद वाचू नयेत, आपला धंदा बसतो. त्यात आरंभीच लिहिलंय की राज्य कोणतीही चूक मान्य करत नाही, आणि थोडं पुढे, ती चूक पुन्हा होणार नाही याची हमी देतं. एकेका गोष्टीवर पानं भरली आहेत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार किती कलता असावा, फोनचा पडदा किती उंचीवर असावा, हजेरीच्या दिव्याने किती वेळा उघडझाप करावी. पर्डीचा उंबरा फोडला, हे खरंच चांगलं झालं. ऐकते की तो आता न्हाणीघरातून बाहेरच येत नाही आणि रांगेतले लोक दारावर ठोसे मारत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. हजेरीचा दिवाही बसवला. कुठे? पहारेकऱ्याच्या टेबलावर. म्हणजे लाउडस्पीकरचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकणाऱ्या माणसाला तो दिव्यानेही कळावा. तू झोपला होतास, हजेरी चुकली, आणि बहिऱ्यांची सोय झाल्यानंतर लगेचच बहिरेपणाबद्दल तुझी रवानगी एकांतकोठडीत झाली.

आणि त्याच आठवड्यात व्हिडिओफोनवरचा तो पहिला फोन आला. तुझ्या बाजूने काय झालं ते तू भोगलंस. माझ्या बाजूने काय झालं ते सांगते. आईने आदल्या दिवशी केस कापून घेतले. आर्डिथने फुलाफुलांचा ब्लाउज आणला होता, तर आईने तिला झाडलं: एवढं वय झालं तरी अक्कल नाही, फुलांत माझे हात कसे दिसतील त्याला? मग साधा गडद निळा घातला. दिवा सरकवला, खुर्ची सरकवली, मला सरकवलं. पडदा उजळला आणि तू होतास. हडकला होतास. कमरेला साखळी, आणि त्या साखळीला दोन्ही मनगटं जखडलेली. एकांतकोठडीतल्या माणसाला फोनवर नेताना बेड्या घालायच्या, हा नियम. मी ओरडले, अहो, त्याचे हात सोडा! यंत्रातून तुझ्या शेजारच्या पहारेकऱ्याचा आवाज आला, अगदी अदबीने: मॅडम, बोलायला कुणी अडवलंय का त्याला? तोंड मोकळंच आहे की.

मला वाटलं, आई आता कोसळेल. तिने एकदा तुझ्या मनगटांकडे बघितलं, आणि बोलायला सुरुवात केली. तू पाहिलंसच, वेळ संपेपर्यंत थांबली नाही. दोघांच्या वाटचं एकटीच बोलली. पडदा काळा झाल्यावर काय झालं ते मात्र तू पाहिलं नाहीस. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मला म्हणाली, डायलिसिसच्या यंत्रावर माझा एक हात बांधतात तर माझा जीव घुसमटतो, त्याचे तर दोन्ही बांधले. थोड्या वेळाने तिचा चेहरा बदलला. म्हणाली, त्याने मला विचारलं, जेवतेस का नीट? मी म्हटलं, आई, भुवया आक्रसल्या म्हणजे काहीतरी विचारलं एवढंच कळतं, काय विचारलं ते हातांशिवाय कसं कळणार? तर ही बाई मला म्हणते, तुला कान आहेत म्हणून तू कोण मोठी लागून गेलीस? मी आई आहे त्याची. आणि त्या दिवसापासून, जिला जेवणाचा तिटकारा आला होता ती, सुपाची वाटी पुरी करून रिकामी वाटी मला दाखवायची. त्याला सांग, म्हणायची.

ग्रेबिलबाईंनी तक्रार केली. तुरुंगाच्या वकिलांचं उत्तर आलं की करारानुसार व्हिडिओफोन उपलब्ध करून दिलेला आहे, करारात हातांचा उल्लेख नाही. आणि खरंच नव्हता, व्हर्नन. पानंच्या पानं, दोन्हीकडचे वकील, तज्ज्ञ, न्यायाधीश, सगळे कानवाले. पडद्याची उंची इंचात मोजणाऱ्या एकालाही सुचलं नाही की समोर बसलेल्याचे हात सुटे लागतील. ग्रेबिलबाई आमच्या स्वयंपाकघरात बसून रडल्या. मला कसं सुचलं नाही, मला कसं सुचलं नाही, एवढंच म्हणत होत्या. आईने त्यांच्यापुढे कॉफी ठेवली आणि मला म्हणाली, तिला सांग, तिचा दोष नाही, तिला कधी कुणी हात धरून गप्प केलेलं नाही. मग बैठका, मसुदे, पुन्हा बैठका. एका ओळीसाठी. त्यात आईची ताकद चालली होती. तिचे हात जड झाले, ती छोटी छोटी वाक्यं बोलू लागली. आर्डिथ चिडवायची, आता कशी कानवाल्यांसारखी बोलायला लागलीस, तुटक तुटक.

शुक्रवारी ती ओळ मंजूर झाली. संभाषणाच्या वेळी कैद्याचे हात मोकळे ठेवावेत. बुधवारचा फोन ठरला आणि तुला तसं कळवलं गेलं. तू वाट बघत असशील. सोमवारी डायलिसिस चालू असतानाच, त्या खुर्चीत, तिचं हृदय थांबलं. आई गेली, व्हर्नन. तुमच्याकडे अशी बातमी धर्मगुरू देतात, समोर उभे राहून, ओठ हलवून. मी त्यांना फोनवर सांगितलं की खबरदार. घरची वाईट बातमी दुभाष्याच्या हातून कळवावी, असं कलम तुझ्याच करारात आहे, आणि ते पहिल्यांदा तुझ्यासाठी वापरायची पाळी माझ्यावर आली. तुझ्यासमोर बसून हे सांगणाऱ्या माणसाचं नाव लॉयड. त्याची आईही बहिरी होती. त्याला मी सांगून ठेवलंय की घाई करू नको, आणि संपल्यावर लगेच उठून जाऊ नको. तू त्या वेळी एकट्यासाठी फोन घ्यायला नाही म्हणालास म्हणून उशीर झाला, असं तुझ्या मनात आत्ता आलंच असेल. ते मनात ठेवू नकोस. तो नकार तुम्हा दोघांचा होता, आणि तिला त्याचा अभिमान होता. अंत्यविधीला तुला सोडायला त्यांनी नकार दिलाय. पण बुधवारचा फोन कायम आहे, तो मी मागून घेतला. पडदा उजळला की आईला खुर्चीत शोधू नकोस. आधी मी दिसेन, मग मी कॅमेरा शवपेटीत निजलेल्या तिच्याकडे वळवेन. आपल्या घरात भांडण झालं की एकजण डोळे मिटून घ्यायचा, आणि मग दुसऱ्याने कितीही हात आपटले तरी बोलणं संपलेलं असायचं. तिचे डोळे मिटलेले आहेत. तू तरीही बोल. तुझे हात मोकळे असतील, आणि मी कॅमेरा हलू देणार नाही. तू बोलत असशील तोवर मीही डोळे मिटून उभी राहीन. ते तुम्हा दोघांचं बोलणं आहे.

इतकी वर्षं आपल्या सगळ्या घराचं ऐकत आलेली,
तुझीच
मार्व्हा