बारावं माफीपत्र

रॉटरडॅम
८ मे २००५

ती. वृंदाताईस,
श्रीधरचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट हातात घेताच तू ओळखलं असशील, की श्रीधरने पुन्हा शेण खाल्लं. खाल्लं. मागच्या रविवारी अंपायरने आमच्या खेळाडूला बाद दिलं आणि तो बाद नव्हता. मी मैदानात घुसलो, जे बोलायचं ते बोललो आणि बुटाने माती उडवून फलंदाजापुढची त्याची ती जमिनीत बसवलेली पांढरी प्लेट पुरून टाकली. त्याने मला मैदानाबाहेर काढलं. चष्मा माझ्याच पायाखाली आला.

तुझ्या शेजारणी विचारतात ना, मॅनेजर असून हा माती कशी उडवतो? त्यांना सांग, बेसबॉलचा मॅनेजर टाय लावून टेबलाशी बसत नाही. संघ निवडायचा, चालवायचा आणि हरलं की शिव्या खायच्या.

आता खरं सांगतो. क्लबचे अध्यक्ष हेंक यांनी मला बोलावून कॉफी दिली, सोबत एकच बिस्कीट दिलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. शिस्त समितीला दहा जूनच्या आत लेखी माफी हवी. आणि यापुढे एकदा जरी मला मैदानाबाहेर काढलं, तरी करार संपला. माझा इथे राहण्याचा परवाना क्लबच्या नावावर आहे. करार गेला की बॅग भरायची. विद्यापीठाने काढलं, राज्य संघाने काढलं, कोलंबोच्या क्लबने दीड वर्षात काढलं. बावन्नाव्या वर्षी मला विचारणारा हा एकच क्लब उरलाय, ताई.

मी तीनदा लिहायला बसलो. तिसऱ्या ओळीतच माफीचं आरोपपत्र होतं. चौथीपासून माझी माफीपत्रं तूच लिहितेस, हेही लिही. वरच्या मजल्यावर पुण्याचा कुणाल राहतो, कॉम्प्युटरवाला. तो डचमध्ये करून देईल. फोन करू नकोस. फोनवर मी ओरडतो आणि नाना ऐकतात.

नानांना नमस्कार. जीव लाव, रागव, पण टाकू नकोस.

तुझा
श्रीधर


अमरावती
२० मे २००५

चि. श्रीधर यास अ. उ. आ.

मी मोजलं. हे बारावं माफीपत्र आणि हा सातवा चष्मा. राग सगळ्यांनाच येतो रे, पण चष्मा फोडल्याशिवाय तुझा राग पुरा होत नाही. पहिलं पत्र मी पाटील गुरुजींना लिहिलं होतं, तुझ्यासारखं वेडंवाकडं अक्षर काढून. गुरुजींनी ते वाचून मलाच शाबासकी दिली होती. माफीपत्र सोबत जोडलं आहे. कुणालला म्हणावं, एक शब्दही कमी करू नकोस.

इथलं कळवते. नानांचा उजवा हात लुळा पडलाय, पण डाव्या हाताचा नेम शाबूत आहे. दिवसभरासाठी अरुण नावाचा माणूस ठेवला होता. दुसऱ्या दिवशी नानांनी खिमटाची वाटी त्याच्या कपाळावर मारली. तो पगार न घेताच गेला. त्याआधीची बाई चार दिवस टिकली होती. आयुष्यभर पोरांना कवायत शिकवलेला आपला बाप आता परक्या कोणाच्या हातून घास घेत नाही. माझ्या हातून घेतो, आणि तुझी आठवण काढतो.

आणि आपल्या ऋजुताला सातवा महिना लागलाय. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायलाच मनाई केली आहे, म्हणजे माहेरी येणं नाही. बाळंतपण ऑगस्टच्या मध्यात, नाशिकला. तिला बाप नाही, आई तरी जवळ हवी. पण मी गेले तर नानांपाशी कोण? नुसतं विचारून ठेवते, ऑगस्टमध्ये महिनाभर येता येईल का तुला?

लोभ तर आहेच, तो सांगायचा कशाला.

तुझी
ताई


रॉटरडॅम
१४ जून २००५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने कमाल केली. समितीच्या चिटणीसांनी हेंकना फोन करून सांगितलं, की असं माफीपत्र त्यांनी आजवर वाचलेलं नाही. ज्याची प्लेट मी पुरली, तो अंपायर कोस, त्याने तर त्याची प्रत मागून घेतली. पुढच्या सामन्याला माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, की त्याच्या बायकोला वाचताना रडू आलं. मला त्याच्याकडे बघवेना.

आता मी सुटलो असं तुला वाटेल. पण तसं नाही. माझ्यावरची अट सगळ्या क्लबांना कळली आहे. समोरचे मुद्दाम आमच्या पोरांच्या पायांवर घसरतात, मला ऐकू येईल असं बोलतात आणि मी उठतो का ते बघतात. मी उठत नाही. बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतो. तीन तास. रेमी म्हणून आमचा कुरासाव बेटावरचा कॅचर आहे, फलंदाजामागे चेंडू झेलणारा, माझा फार लाडका. परवा त्याने विचारलं, की कोच, तुम्ही आजारी आहात का? घरी सायकलवरून येताना वारा तोंडावर असतो. तेवढ्या आवाजात मी ओरडून घेतो.

आमच्यात एक चाल असते. पोरगा अंपायरशी भांडून बाहेर जाईल असं दिसलं, की मॅनेजरने आपणच पुढे व्हायचं आणि स्वतःला बाहेर काढून घ्यायचं. पोरगा खेळत राहतो. लोकांना वाटतं, म्हातारा भडकला. तेव्हा राग नसतो, ताई. मी कितीदा केलंय हे. आता तेही करता येत नाही.

ऑगस्टचं जमणार नाही. हंगाम सप्टेंबरअखेर संपतो. मधे रजा मागितली तर करार मोडतो, हेंकनी स्पष्ट सांगितलं. आणि परत येऊन मी करू काय? अमरावतीत मला मैदानाच्या फाटकातून तरी कोणी आत घेईल का? मला माफ कर. हे बघ, मला माफी लिहिता येत नाही.

श्रीधर


अमरावती
२७ जून २००५

चि. श्रीधर यास अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि दोन दिवस तुझ्यावर फार चिडले. मग स्वतःवर चिडले. त्याचं कारण सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

तुझं माफीपत्र मी दोनदा लिहिलं. पहिलं मुद्दाम वाईट लिहिलं. आढ्यतेचं, टोचून बोलणारं, तुला वाचताच पटेल असं. ते वाचून समितीने तुला त्याच दिवशी हाकललं असतं. तू घरी आला असतास आणि मी नाशिकला गेले असते. पाकीट बंद करून राजकमल चौकातल्या पेटीपर्यंत गेले. हात आत घातला. आणि तुझा चौथीतला चेहरा आठवला, वर्गाबाहेर उभा केलेला. घरी येऊन ते चुलीत घातलं आणि दुसरं लिहायला बसले. मला तू हवा होतास, पण मान खाली घातलेला नको होतास.

ऋजुताला फोनवर सांगून टाकलं, की मी येत नाही. ती आधी रडली. मग म्हणाली, की आई, असू दे, सासूबाई आहेत. ते असू दे मला फार लागलं. नाना झोपले की मी ओट्याशी बसते. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी कडी लावून धावत जाते, धावत येते. चार वर्षं झाली. वैताग आलाय, श्रीधर. बापाचा वैताग येतो हे लिहायची लाज वाटते, पण तुला नाही तर कोणाला लिहू?

तू मात्र येऊ नकोस. तुझं ते शेवटचं मैदान आहे. हात दाबून बस.

माया आहे तशीच आहे.

ताई


रॉटरडॅम
१८ जुलै २००५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घोटाळा झाला. काल मला मैदानाबाहेर काढलं. राग अनावर झाला, दुसरं काय. तुझा भाऊ सुधारायचा नाही.

शेवटचा डाव होता, आम्ही सहा धावांनी पुढे. कोसने त्यांच्या खेळाडूला बाद दिलं. निर्णय आमच्या बाजूने होता आणि बरोबर होता, तरी मी भांडायला गेलो. रेमी हाका मारत राहिला. कोस म्हणाला, की श्रीधर, बाकावर जा, मी काही ऐकलं नाही. मी आवाज चढवला. तो म्हणाला, की तुझं पत्र अजून माझ्या घरी आहे, उगाच असं करू नकोस. तुझ्या त्या पत्राने माझा घात केला, ताई! काही केल्या तो मला काढेना. शेवटी परत त्याची प्लेट पुरली, तेव्हा बिचाऱ्याने हात वर केला. त्याचे डोळे भरले होते.

हेंकनी अट म्हणजे अट म्हणून सांगितलं, पण या वेळी कॉफीबरोबर दोन बिस्किटं होती. रेमी घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. मैदानात जाताना चष्मा घडी करून त्याच्याजवळ ठेवला होता, तो दारात परत दिला. पोरगं जपणारं आहे.

पाच ऑगस्टला संध्याकाळी पोचतो. माफीपत्र लिहू नकोस. आता ते वाचायला कोणी नाही.

येतोच आहे, तेव्हा बाकीचा राग समोरासमोर काढ.

श्रीधर


अमरावती
५ ऑगस्ट २००५, सकाळ

चि. श्रीधर यास अ. उ. आ.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आहे. ऋजुताच्या कळा पहाटेच सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. मी बडनेऱ्याहून मिळेल त्या गाडीने निघते. तू येईपर्यंत शेजारचे जयप्रकाश नानांपाशी बसतील. पोहे झाकून ठेवलेत.

आजवर तू सात चष्मे फोडलेस. घडी करून कधी कोणाजवळ दिल्याचं मी ऐकलं नाही. मी येऊ नकोस म्हटलं होतं, श्रीधर. तरी आलास. आता मी काय लिहू? बारा माफीपत्रं लिहिली, पण हे मला लिहिता येत नाही.

नानांच्या गोळ्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. खिमट कोमट लागतं. मीठ कमी आहे म्हणतील, वाढवू नकोस. दाराची कडी बाहेरून लावू नकोस, त्यांना आवाज कळतो.

पहिल्या दिवशी ते वाटी फेकतील. नेम अजून चांगला आहे. तेव्हा उठू नकोस. हात मांड्यांखाली दाबून बस. मग दुसरी वाटी घे.

तुझी
ताई