चार्टपेक्षा आठने कमी

अकोला, १३ जाने. १९६४
खाट सातच्या इंदूबाई. आतडे कापल्याला सहा महिने. तोंडावाटे घेतलेले फारसे अंगी लागत नाही, वरून सलाइन-ग्लुकोज चालू. मांडी दुखते म्हणून माझ्याकडे एक्स-रेला. मशीनच्या चार्टप्रमाणे मांडीला किरणांचा जोर ६८ केव्ही. फिल्म काळपट, हाड पुसट. माझेच एक्स्पोजर जास्त झाले असे धरून ६० वर पुन्हा काढली. स्वच्छ आली. तीच डॉक्टरांकडे. ‘हाड ठीक आहे, चालवा यांना.’
इंदूबाई : ‘फोटो चांगला काढजा वं बाई. पोरीले दाखवाचा हाय.’

१६ जाने.
बिघडलेल्या फिल्मा नेहमीसारख्या गरम सोड्यात धुतल्या, १३ ची पहिलीही त्यांत; काळे निघून नुसते पारदर्शक पत्रे उरले. त्यांतला एक कोरा पत्रा डार्करूमबाहेरच्या खिडकीच्या फुटक्या तावदानात बसवला.

२० जाने.
इंदूबाई पडल्या नाहीत. चालता चालता वळल्या फक्त. मांडीचे हाड मोडले. सिस्टर म्हणते, आवाज ऐकू आला.
डॉक्टर माझी फिल्म उजेडाला धरून बराच वेळ उभे. ‘हाड तर चांगलं होतं.’

२१ जाने.
हाडातला चुना गेला की किरण अडत नाहीत. फिल्म काळी येते. म्हणजे पहिली बरोबर होती. मी आठ केव्ही कमी करून —

तावदानातला पत्रा त्या पहिल्या फिल्मचाच का, माहीत नाही. नंबर पाहिला नव्हता. येता-जाता नजर जातेच.

२६ जाने., अमरावती
सुटी. आई भाकरी थापत होती, मी तिच्या मनगटाकडे बघत होते. ‘काहून वं, काय पाहून राहिली?’ काही नाही म्हटले. मनात आकडा लावत होते : मनगटाला किती केव्ही.

अकोला, ९ मार्च
इंदूबाईंचा पाय अजून वजनाला टांगलेला. डॉक्टर म्हणतात, सहा महिने झोपवून ठेवता येणार नाही. उद्या चांगल्या पायावर उभे करू. आधी त्याची फिल्म मागितली. ६८ वरच काढली. काळपट. तशीच ओली नेली.
‘जास्त झालंय. पुन्हा काढा.’
म्हटले, ‘नाही सर. जानेवारीत पहिली अशीच आली होती. मी ती धुऊन टाकली. तुम्ही पाहिलीत ती आठने कमी होती. हेही हाड तसंच आहे.’
पुरावा काय, विचारले. या वहीतले १३ जानेवारीचे पान दाखवले. त्यांनी दोनदा वाचले, वही परत दिली.
इंदूबाईंनी विचारले, ‘या बारी चांगला आला का वं?’ मी त्यांची चादर नीट केली.

संध्याकाळचे सात. खाटेच्या पाटीवर ‘उद्या उभे करणे’ अजून तसेच, खोडलेले नाही. दोनदा जाऊन पाहून आले.