ज्याचं पात्र, त्याचाच फासा

५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. (नमस्कार कागदावरच घे. समोर असतास तर टपली मिळाली असती.)

येऊन बारा दिवस झाले. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझं टेबल खिडकीपासून तिसरं. सकाळी नळांचं पाणी बाटल्यांतून येतं. मी त्यात थेंब टाकते, रंग बघते, आकडा लिहिते आणि खाली सही करते. आपल्या घरातली पहिली पदवीधर सही म्हणून आई सगळ्यांना सांगत सुटली असेल. तिला म्हणावं, सही अजून कच्ची आहे. सहा महिन्यांनी पक्की होईल, आणि तोवर एक दिवसही रजा नाही.

खोलीत जोडीला एक नर्स आहे. तिला आपला रविवारचा खेळ समजावायला गेले, तर म्हणाली पट कुठे आहे, सोंगट्या कुठे आहेत? मी म्हटलं पटबिट काही नाही. दादा प्रसंग सांगतो, आम्ही आपापलं पात्र काय करेल ते सांगतो आणि ते जमलं की फसलं ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. माझी सरदारीण, कधी खोटं न बोलण्याची शपथ घेतलेली. आणि बाबा, जे जन्मभर कुलपं दुरुस्त करत आले आणि दुसऱ्याच्या सुईला शिवले नाहीत, ते खेळात अट्टल चोर! ती इतकी हसली की घरमालकीणबाईंनी भिंत ठोकली.

मग तिला पात्राच्या कागदावरची ‘वृत्ती’ची चौकटही सांगितली. पात्र सज्जन, दुर्जन की मधलं, नियमाने चालणारं, मनमानी की त्यातही मधलं, ते तिथे पेन्सिलीने लिहायचं. पण आपलं आपण नाही, समोर बसलेल्यांनी. खेळाच्या नियमांचं पुस्तक तुझ्याकडे बांधणीला आलं आणि मालक परत आलाच नाही हे खरं, पण हा कायदा पुस्तकातला नाही, बाबांचा आहे, हेही सांगितलं.

खेळ पत्राने चालू ठेवू या. फोन नको. फोनवर तू हसलास की पुढे काय होणार ते कळतं. फक्त एक मागणं आहे. पत्राला जायला पाच दिवस, यायला पाच. मी आकडा कळवेपर्यंत राक्षस म्हातारा होऊन मरेल. तर माझा फासा तूच टाकत जा. ज्याचं पात्र, त्याचाच फासा, हाही बाबांचाच कायदा, पण त्यांना गोड बोलून पटव.

बाबांच्या पोटाच्या तपासणीचं काय निघालं? लवकर लिही. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सरदारीण (कच्च्या सहीची)


१४ जानेवारी

चि. सरदारीणबाईंस,
अ. उ. आ.

फाशाचं ऐकून बाबांनी नाक मुरडलं. दुसऱ्याच्या हाताने जेवलं तर पोट कुणाचं भरतं, म्हणाले. पण लेकीसाठी कायदा वाकवला.

आता बसून वाच. फोन बाबांच्या दुकानात आणि बाबा त्याच्यासमोर, म्हणून हे लिहूनच सांगावं लागतंय. तपासणी आली. दुखणं यकृतात पसरलं आहे. डॉक्टर म्हणाले, फार तर तीन-चार महिने. बाबांना अल्सर आहे असं सांगितलंय. आईचं म्हणणं, आहेत तेवढे दिवस हसतखेळत जाऊ देत. पण ते रोज मला विचारतात, एवढ्या गोळ्या घेऊनही भूक का लागत नाही? मी म्हणतो, लागेल हळूहळू. दहावीनंतर शाळा सोडली तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज आता खोटं बोलताना वाटते.

त्याच विचारात नवा प्रसंग बेतलाय, तुझ्यापासून लपवत नाही. बाबांना अजून दाखवलेला नाही. तुझी सरदारीण एका गढीपाशी येते. शत्रू सात दिवसांत येणार आणि तट टिकणार नाही, हे फक्त तिला ठाऊक. दाराशी म्हातारा पहारेकरी नवं बिजागर ठोकत बसलाय. तो तिला विचारतो, हे दार पुढचा हिवाळा काढेल ना? ती काय सांगेल?

खेळातलं सांग आणि खेळाबाहेरचंही सांग. घरात शिकलेली तू आहेस. मला एकट्याला हे पेलत नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
दादा


२० जानेवारी

ती. दादास,
सा. न.

पत्र बाटल्या धुण्याच्या मोरीशी उभं राहून वाचलं, नळ सोडून. कुणाला ऐकू गेलं नसावं.

आता रडणं बाजूला ठेवून लिहिते. परवा एका वस्तीचं पाणी खराब निघालं. साहेब म्हणाले, तिथे दुसरं पाणीच नाही, उगाच लोक घाबरतील, दोन दिवस थांब. मी थांबले नाही. खराब लिहिलं आणि सही केली. तहानलेल्याला पाणी कसलं आहे ते कळण्याचा हक्क आहे. मग बाबांना नाही? राहिलेले महिने त्यांचे आहेत, आपले नाहीत. त्यांना कुणाला भेटायचं असेल, दुकानाचं काही ठरवायचं असेल, नुसतं रागवायचं असेल. खोटं सांगून आपण ते सगळं काढून घेतोय आणि वर त्याला माया म्हणतोय.

माझी सरदारीण खरंच सांगेल. फासा टाक.

आणि बाबांनाही सांग. मला यायचं आहे, पण रजा मागितली तर जागा जाते. शिवाय खरं बोलायचंच तर, त्यांच्या तोंडावर मला ते बोलता येईल असं वाटत नाही. तू सांग. हवं तर माझं नाव घेऊन सांग.

आईला जप. माझ्यावर रागावली तर रागावू दे.

तुझी,
सरदारीण


३१ जानेवारी

चि. सरदारीणबाईंस,
अ. आ.

सांगितलं.

बाबा दुकानात एक किल्ली पकडीत धरून घासत होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, त्या पकडीकडे बघत सगळं बोललो. कानस थांबली. त्यांनी विचारलं, हे मला सांगायचं कुणी ठरवलं? मी म्हटलं, ती म्हणते सांगायलाच हवं. मी ठरवलं असं म्हणता आलं असतं. तसं म्हणालो नाही. आता रोज ते आठवतं.

त्यांनी किल्ली पुरी केली, कपड्याने पुसली, गिऱ्हाइकाच्या नावाच्या चिठ्ठीसकट खिळ्याला अडकवली आणि दुकान बंद केलं. तेव्हापासून उघडलेलं नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. रविवारी मी टेबल मांडलं, कागद ठेवले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग तो गढीचा प्रसंग, तुझं पत्र, सगळं वाचायला मागून घेतलं आणि घडी घालून परत दिलं.

तुझा फासा टाकला होता. एकोणीस पडला. पहारेकऱ्याने ऐकलं, मान डोलावली आणि बायकापोरांना मागच्या वाटेने बाहेर काढलं. खेळात तू जिंकलीस बघ.

दादा


४ फेब्रुवारी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. अक्षर लावून वाच.

खरं कळलं याचा राग नाही. पहिले दोन दिवस होता, मग गेला. अल्सरने माणसाची विजार दोन महिन्यांत एवढी ढिली होत नाही, हे मलाही दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि कुणी सांगणं वेगळं.

राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. मी चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडली. मालक समोर असल्याशिवाय एकही उघडलं नाही आणि उघडल्यावर आत काय आहे ते त्याने बघेपर्यंत तिथून हललो नाही. एकदा एका बाईच्या भावाची खोली उघडली. तो आत मरून पडलेला होता. मला हत्यारं गोळा करून निघता आलं असतं. बसलो, तिची माणसं येईपर्यंत.

तू माझं कुलूप उघडलंस ते बरोबर होतं. पण तू तिथे नव्हतीस. दादा बिचारा पकडीकडे बघत उभा, त्याला मी काय विचारणार? तू सांगितलं नाहीस पोरी, सांगवलंस. फासाही त्याच्याच हाताने टाकलास. मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. माझं चुकलं.

तुझ्या कागदावरची वृत्ती मी खोडली आहे. दुर्जन नाही लिहिलं, घाबरू नकोस. चौकट रिकामी ठेवली आहे. बघितल्याशिवाय भरता येत नाही.

जेवत जा. प्रकृतीला जप.

तुझा बाप,
चोर


१० फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

साहेब म्हणाले, गेलात तर जागा राहीलच असं नाही. मी बाटल्या धुऊन ठेवल्या आणि टेबल पुसलं. बारा तारखेच्या गाडीने निघतेय. हे पत्र माझ्याआधी पोचलं तर फासा काढून ठेवा. तुमच्या समोर बसून मीच टाकीन.

चौकट रिकामीच राहू द्या. मी काही मागायला येत नाही.

तुमची,
पोर


१९ एप्रिल

चि. सरदारीणबाईंस,
अ. उ. आ.

तू पोचल्याचं कळलं. प्रयोगशाळेने परत घेतलं, पण सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजणार, हे ऐकून आई म्हणाली, मोजू देत, माझी पोर कुठे पळतेय.

बाबांना जाऊन सतरा दिवस झाले. काल दुकान उघडलं. खिळ्यावरची ती शेवटची किल्ली न्यायला माणूस आला. सोबत आणलेल्या कुलपाला लावून बघितली, म्हणाला, पहिल्या फटक्यात फिरली.

खेळाच्या पुस्तकात तुझा कागद होता, सोबत पाठवतोय. चौकट बाबांनी भरली आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, पण लागतं. पुस्तकातल्या नऊ प्रकारांत हा शब्द नाही. त्यांनी लिहिलंय, ‘हजर’.

जपून ठेव. आईचे आशीर्वाद, माझे तर आहेतच.

दादा


२५ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

कागद मिळाला. तो मला ठेवता येणार नाही. का, ते तुला सांगायलाच हवं.

मार्चमधला तो गुरुवार आठव. तू औषधाला गेला होतास. बाबांनी मला जवळ बसवून विचारलं, शेवटी खूप दुखेल का? मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, इथल्या माझ्या खोलीतल्या नर्सनेही निघताना सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, नाही बाबा, झोप लागावी तसं होईल.

नंतरचे नऊ दिवस तूही पाहिलेस. उशीचं टोक दातांत धरायचे. आणि मधेच डोळे उघडून माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, आता विचारतील. विचारलं नाही.

वस्तीचं पाणी खराब म्हणून छाती काढून सही करणारी मी. जी सरदारीण खोटं बोलायची नव्हती, ती एकदाच बोलली, आणि नेमकं तिथे. बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी तो शब्द लिहिला नसता. आता टेबलाशी तू एकटाच उरलास. कायद्याप्रमाणे चौकट तुझ्या हातात आहे. कागद परत पाठवतेय. खोड.

आईला यातलं काही सांगू नकोस. सांगायचं झालंच तर मी येऊन सांगेन.

तुझ्या मायेला आता पात्र आहे की नाही, ठाऊक नसलेली,
बहीण


२ मे

चि. वेडाबाईस,
अ. उ. आ.

खोडरबर शोधला, टेबलावर ठेवला आणि तसाच राहू दिला. ऐक.

त्या गुरुवारी मी औषध घेऊन आलो तेव्हा तू आईकडे आत गेली होतीस. बाबांनी खुणेने बोलावलं. म्हणाले, आज सरदारीण माझ्याशी खोटं बोलली, चोराला ते लगेच कळतं. मला वाटलं, आता चिडतील. तर म्हणाले, बोलताना मान खाली घातली नाही कार्टीने आणि अजून इथेच आहे. मग तुझा कागद मागितला. मी म्हटलं, सज्जन लिहायचं का, सांगा, मी लिहितो. तर डोळे वटारले. दुसऱ्याच्या हाताने नाही. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. मी दोन्ही वेळा करून दिलं. तीन अक्षरांना पाव तास लागला असेल.

मला कळलंच नव्हतं तू काय खोटं बोललीस, आणि विचारायचं धाडसही झालं नाही. आज कळलं. आता मलाही त्या नऊ दिवसांतलं त्यांचं बघणं वेगळं आठवतंय. ते काही विचारत नव्हते गं. तू आहेस ना, एवढंच बघत होते.

कागद पुन्हा तुझ्याकडे पाठवतोय. यापुढे परत आला तर टपालखर्च तुझ्याकडून घेईन.

बाबांचा कागद मात्र इथेच आहे. त्यांच्या वृत्तीवर आपण शेवटचं केव्हा तरी ‘मनमानी’ लिहिलं होतं, ते मी खोडलंय. पुढे काय लिहायचं ते आपण दोघांनी ठरवायचं. पण मला पत्राने कळवू नकोस. रजा मिळेल तेव्हा ये, समोर बस आणि तुझ्या हाताने लिही.

वाट बघणारा,
दादा