तीनशे वीस खुर्च्या आणि अर्धा कप चहा

चि. बारक्यास,

थोरल्याने धाकट्याला पत्र लिहिताना अनेक आशीर्वाद द्यायचे असतात. मी एक देतो. बाकीचे तुझ्या वागण्यावर अवलंबून आहेत. तुझा गुडघा कसा आहे, धाकटीचा खोकला गेला का, दुकानाच्या मागच्या भिंतीला पुन्हा ओल आली का, हे सगळं हिने विचारायला सांगितलं म्हणून विचारतो. इकडे सर्व क्षेम आहे असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण साठी उलटल्यावर मी खोटं लिहायला सुरुवात करणार नाही. इकडे क्षेम नाही. फोन करायचा तर फोनवर तू नुसता "बरं दादा, बरं दादा" करतोस आणि मागे हातोडी चालू असते. ती माझी हातोडी आहे हे मला आवाजावरून कळतं. म्हणून हे पत्र. आमच्याच विमानातून आलेलं एक जोडपं उद्या परत निघालंय, ते तुला दुकानात आणून देईल. त्यांना चहा पाज. पूर्ण कप.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, कारण माझ्या उजव्या हाताला इथलं ऊन लागलंय. शब्द मात्र माझे आहेत. लिहिताना मधे बोलायची हिची सवय तुला ठाऊक आहे, म्हणून आमचं असं ठरलंय की हिला जे सांगायचं ते हिने कंसात लिहावं, मी ते वाचायला मागणार नाही. तेव्हा कंसात येईल ते हिचं. त्याच्याशी माझा संबंध नाही.

(भाऊजी, सगळे बरे आहोत. ऊन लागलं म्हणजे कोपराजवळ थोडं लाल झालंय.)

आता मुद्द्यावर येतो. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तू आणि धाकटीने, नवराबायकोने मिळून, आमच्या हातात परदेशाची तिकिटं ठेवलीत, तेव्हा माझे डोळे भरून आले होते हे मी नाकारत नाही. बारा दिवस, समुद्रकाठचं हॉटेल, ऐन थंडीत ऊबदार हवा. मला वाटलं, भाऊ असावा तर असा. मग विमानतळावर तू आम्हाला सोडायला आलास, तुझा फोन वाजला, आणि तू तो घेऊन खांबाआड गेलास. बारक्या, तो खांब बारीक होता. तू नाहीस. तुझं पोट इकडून दिसत होतं आणि आवाज तिकडून ऐकू येत होता. "हो साहेब, नाट्यगृहाच्या तीनशे वीसच्या तीनशे वीस खुर्च्या, उद्यापासूनच हात घालतो." त्याच क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या दुकानाला इतकं मोठं काम आजवर आलेलं नाही. वडिलांच्या वेळीही नाही. आणि ते आलं त्या दिवशी तू मला विमानात बसवून दिलंस, खिडकीची जागा मागून घेऊन.

कारण मला माहीत आहे. दातांच्या डॉक्टरकडचा तो लांब सोफा. त्याची शिवण डावीकडे कललेली निघाली, आणि माझी पाठ वळल्यावर तू ती उसवून पुन्हा घातलीस. तुला वाटलं मला कळणार नाही. मी सोफा पोचवायला गेलो तेव्हा त्याच्यावर नुसता बसलो आणि मला कळलं की हा टाका माझा नाही. त्या दिवशी ट्यूबलाइट फडफडत होती, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पण तू धाकटीला म्हणालास की दादाचा हात थरथरतो. धाकटी हिला म्हणाली. ही मला काही म्हणाली नाही, फक्त मला चहा अर्धा कप द्यायला लागली. तीन महिने मी अर्धा कप चहा पितोय. एकदाही विचारलं नाही, कारण विचारलं तर उत्तर मिळेल.

(मला वाटत होतं यांच्या लक्षात आलं नाही.)

असो. प्रवासाचं ऐक. विमानतळावर माझ्या आतल्या खिशातून माझं दाभण काढून घेतलं. चौतीस वर्षं ते त्या खिशात आहे, कापडी म्यानात, टोकाला मेण लावलेलं. तपासणाऱ्या बाईने ते दोन बोटांत धरून वर उचललं आणि मी त्याने कोणाला भोसकणार होतो असा चेहरा केला. मी सांगितलं की हे गादीचं आहे. तिने विचारलं, गादी कुठे आहे. दाभण एका पेटीत गेलं, कात्र्या आणि लायटरांच्या ढिगावर. मागच्या रांगेतला माणूस मला म्हणाला, चला आजोबा, पुढे सरका. मी त्याचा आजोबा नाही.

इथे उतरल्यावर मनगटात प्लास्टिकचा पट्टा अडकवला, जो कापल्याशिवाय निघत नाही. गुरांच्या कानाला बिल्ला मारतात तशातला प्रकार. अंघोळीलाही तो, झोपेतही तो. गाव म्हणजे एक लांब रस्ता, एका बाजूला हॉटेलं, दुसऱ्या बाजूला समुद्र. समुद्राबद्दल माझी तक्रार नाही, तो तू पाठवलेला नाहीस. पण माणसं सकाळी उठून न्याहारीआधी वाळूतल्या आरामखुर्च्यांवर आपापले टॉवेल टाकून जागा धरतात आणि मग खोलीत जाऊन पुन्हा झोपतात. इतके पैसे घालवून एवढ्या लांब यायचं आणि रांगच लावायची. मग दिवसभर तेल लावून उन्हात पालथं पडायचं. एका बाजूने भाजलं की कुशीवर. मी या कशातही भाग घेतला नाही. मी बूट घालून बाकावर बसलो.

(तीन दिवस. मोजेही घातले होते.)

आता गादीचं. कोणाकडून तरी कळेलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आमच्या खोलीतल्या गादीत डाव्या अंगाला एक गाठ होती, कांद्याएवढी. भरताना घाईत दाबलेली, वर टाका मारून झाकलेली. दोन दिवस सोसली. तिसऱ्या दिवशी दुपारी ही समुद्रात पाय बुडवायला गेली, तेव्हा मी ठरवलं की पाच मिनिटांचं काम आहे. हिच्या नखं कापायच्या कात्रीने कड उसवली, हात आत घातला, गाठ काढली. इथवर सगळं व्यवस्थित झालं. पण गाठीच्या मागे आणखी गाठी होत्या. बारक्या, त्या गादीत काय काय भरलं होतं ते तू पाहायला हवं होतंस. फोमचे तुकडे, चिंध्या, आणि एक चक्क मोजा. मी सगळं पलंगावर काढून नीट वेगळं करत होतो, तेवढ्यात पंख्याने ते उचललं आणि खोलीभर केलं. नेमकी त्याच वेळी झाडलोट करणारी बाई दार उघडून आत आली.

ती ओरडली. मग गळ्यात टाय बांधलेला व्यवस्थापक आला, त्याच्यामागे पहारेकरी. त्यांना वाटलं मी गादीत काहीतरी लपवतोय, किंवा कोणी लपवलेलं शोधतोय. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी. मी छातीवर हात ठेवून, मग गादी दाखवून, मग हवेत टाके घालून समजावलं की मी कारागीर आहे, शिवून देतो. टायवाल्याने मान डोलावली, खाली फोन केला, आणि दहा मिनिटांत एक डॉक्टर बॅग घेऊन हजर. त्याने मला खुर्चीत बसवून टाके कुठे घालायचे ते शोधायला सुरुवात केली. ही परत आली तेव्हा माझा शर्ट निघालेला होता.

गादी मी शिवून देणारच होतो. पण हॉटेलने खोलीत ठेवलेल्या सुईदोऱ्याच्या पुठ्ठ्यावर सुई कसली होती, तर शर्टाचं बटण लावायची. तिने गादी शिवायची म्हणजे चमच्याने विहीर खणायची. दाभण असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. शेवटी त्यांनी आम्हाला तळमजल्यावरच्या खोलीत हलवलं, जिथून समुद्राऐवजी कपडे धुण्याची यंत्रं दिसतात, आणि तो सुईदोऱ्याचा पुठ्ठा टायवाल्याने स्वतः येऊन काढून नेला. माझ्या हातातून कोणी सुई काढून घेण्याची ही तीन महिन्यांतली तिसरी वेळ, विमानतळावरची दुसरी. पहिली वेळ कोणाची ते तुला ठाऊक आहे.

त्यानंतर हिने मला बाकावरून उठवून वाळूतल्या आरामखुर्चीत बसवलं, डोकं शांत व्हावं म्हणून. मी बसलो, आणि कापड शिवणीतून फाटून मी आरपार गेलो. गुडघे हनुवटीला, पाठ वाळूत, चौकट गळ्याभोवती. दोन माणसांनी ओढून काढलं. सगळा किनारा हसत होता. ही पण.

(मी तोंड फिरवलं होतं.)

खुर्च्या भाड्याने देणारा म्हातारा आला, माझ्याच वयाचा, डोक्यावर गवताची टोपी. मी त्याला फाटलेली शिवण दाखवली. खाऱ्या हवेत साधा सुती दोरा, तोही एकेरी. अशा शिवणीवर माणूस बसवणं म्हणजे गुन्हा आहे. मी त्याला आपल्या भाषेत भरपूर सुनावलं. त्याने त्याच्या भाषेत मला सुनावलं आणि समुद्राकडे बोट दाखवलं, म्हणजे दोष खाऱ्या हवेचा. मी शेजारी पडलेली मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी दाखवली. त्याने ती ओढून पाहिली. मग एक पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात चांगल्या जाड सुया होत्या. चार दिवसांत त्याच्या अकरा खुर्च्या नीट झाल्या, दुहेरी शिवणीच्या, नायलॉनच्या. हत्ती बसला तरी फाटणार नाहीत. तेव्हा हात थरथरतो की नाही ते तूच ठरव.

(खुर्च्या खरंच अकरा आहेत.)

मला एवढंच विचारायचं आहे. तुला मी नको होतो तर तोंडावर का सांगितलं नाहीस? भांडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, पण दुकानातच असतो. तिकिटं कसली देतोस. चाळीस वर्षं एका पाटावर बसून आपण काम केलं, सुतळीचं एक टोक तुझ्या दातात आणि एक माझ्या. असं समुद्राकाठी नेऊन ठेवण्यासारखं मी काय केलं? याचा मला फार राग आलाय आणि तो ऊबदार हवेने जाणार नाही.

तुझा,
दादा

ता. क. पुढची रांग मी आल्याशिवाय करू नकोस. पुढच्या रांगेत जाणती माणसं बसतात. मागच्या रांगांचं काय ते कर.

ता. क. (भाऊजी, हे माझं. ते खुर्चीवाल्याकडे गेलेत, म्हणून घाईत लिहिते. पहिल्या दिवशी यांना सुईत दोरा ओवता आला नाही. सात वेळा प्रयत्न केला, मी लांबून मोजत होते. तो म्हातारा डबा जवळ घेऊन बसला. त्याने सात-आठ सुया ओवल्या, खुर्चीच्या कापडात एका ओळीत टोचून ठेवल्या आणि गिऱ्हाइकांकडे निघून गेला. तरी टाके वाकडेच आले. दुसऱ्या दिवसापासून हे शेजारी बसून बोटाने दाखवतात आणि तो शिवतो. चुकला की हे ओरडतात, मग तो ओरडतो. कापडाला नुसता हात लावून कुठे सैल आहे ते यांना कळतं, ते त्याला कळत नाही, आणि ते त्यालाही पटलंय. चार दिवस खूप खुश आहेत. रागावलेले असले की खुश असतात हे तुम्हाला मी काय सांगणार. गादी मात्र सुई बारीक होती म्हणून शिवायची राहिली, असं नाही. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, तिकिटांचा बेत आपण तिघांनी केला होता. पण आता यांना घरी बसवू नका. दुकानात दाराशी एक स्टूल ठेवा आणि म्हणा की दादा, स्प्रिंगचा ताण मला एकट्याला कळत नाही. मी सांगितलं असं कळू देऊ नका. वहिनी.)

ता. क. पत्र मीच त्या जोडप्याकडे नेऊन देतोय. कंसातलं वाचणार नाही असं म्हणालो होतो, पण जिना चढताना दम लागला म्हणून मधल्या पायरीवर बसलो आणि वाचलं. बेत तिघांचा होता हे आज कळलं. तिला मी काही बोलणार नाही, तूही बोलू नकोस. हे एवढं अक्षर माझं आहे, असं का आलंय ते विचारू नकोस, वाचता येतंय तेवढं पुरे. स्टूल दाराशी नको, तिथे येणारंजाणारं धडकतं. खिडकीशी ठेव, उजेड डावीकडून येईल असा. स्प्रिंगबद्दल तू मला खरंच विचार, म्हणायचं म्हणून म्हणू नकोस, मला फरक कळतो. सुया सकाळीच ओवून ठेवत जा. आणि चहा पूर्ण कप पाहिजे. सांडला तर सांडला.