बंद केलेली गोळी

तेलगाव
दि. ९ जून २०२४

ती. अक्कांना रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत न्हाई, अन् मी ओरडून बोलले तर यांना कळंल, म्हणून पत्र लिहिते.

परवा हे उसाला पाणी द्यायला गेलते, ते बांधावरच छाती धरून बसले. दहा मिनिटांत बरं वाटलं म्हणून दवाखाना टाळला. वर, अक्काला कळवशील तर बघ, असा मला दम.

तुमची किडनी यांना बसवून अकरा वर्षं झाली. तिच्या गोळ्या हे घड्याळ लावून घेतात. पण कोलेस्ट्रॉलची गोळी आठ महिने झाले बंद हाय. पाय दुखतात म्हणून आपल्याच मनानं सोडली. नवा रिपोर्ट मला गादीखाली सापडला. वाईट कोलेस्ट्रॉल १८६.

तुमचं तेवढं ऐकतात. मीच कळवलं म्हणून सांगितलं तरी चालंल.

माया हाय तशीच असू द्या.
तुमची भावजय,
रोहिणी

केज
दि. १३ जून २०२४

चि. अंगदास अक्काचे अ. आ.

रोहिणीनं सगळं कळवलं. तिच्यावर डोळे वटारू नकोस, आधी माझ्याशी गाठ हाय.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आपल्याला शेजारी बसवून सांगितलं होतं की किडनी टिकवायच्या गोळ्यांनीच रक्तातली चरबी वाढू शकते, ती हळूहळू रक्तवाहिन्यांत साठते, अन् किडनी ठणठणीत असताना माणूस हृदयानं जातो. तू मान हलवत होतास. मला वाटलं, समजलं.

पाय दुखत होते तर डॉक्टरांना सांगायचं, त्यांनी गोळी बदलली असती. स्वतःच डॉक्टर कशापायी झालास? तीस वर्षं अंगणवाडीत काढली, गोळी गालात धरून ठेवणारं पोरगं मला लांबून ओळखू येतं. तू मात्र फसवलंस.

सोमवारी दवाखान्यात जा. न्हाईतर मी पहिल्या एसटीनं येते अन् सगळ्या तेलगावादेखत तुला जीपमध्ये बसवते.

रागावली तरी तुझीच,
सत्यशीला अक्का

तेलगाव
दि. २२ जून २०२४

ती. अक्कास अंगदचा दंडवत.

सोमवारीच जाऊन आलो. जीप नको म्हणून. फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासलं. रक्त जरा कमी पोचतंय म्हणाले. वेळेवर आलात, चिरफाड नको, पण गोळी आता सोडायची न्हाई. किडनीच्या औषधाशी जमंल अशी दुसरी, कमी ताकदीची दिली. भजी बंद, भाजीवर वरून तेल घेणं बंद, सकाळी पाऊण तास चालायचं. रोहिणी मागं काठी घेऊन असल्यासारखी चालते.

तू विचारलंस म्हणून खरं सांगतो. किडनीची गोळी हातात घेतली की वाटायचं, ही अक्काची वस्तू, हिला धक्का लागता कामा नये. तपासणीत किडनी चांगली निघाली की मी मोकळा. काळीज काय, माझं सवताचं. त्याचं काय बी झालं तरी कुणाला जाब द्यायचा न्हाई, असं धरून चाललो. चुकलो.

लोभ कमी करू नकोस.
तुझा,
अंगद

केज
दि. २० ऑक्टोबर २०२४

चि. अंगदास अ. आ.

रिपोर्ट पोचला. १८६ वरून ८२. किडनीही उत्तम. पायही दुखत न्हाईत अन् बांधावर दम लागत न्हाई, हे वाचून पत्र दोनदा डोळ्यांना लावलं. भाऊबीजेला दोघं या. यंदा करंज्या भाजणार हाय, तळणार न्हाई. तोंड वाकडं करायचं न्हाई.

तुझं मागचं पत्र चार महिने मला टोचतंय. नवा रिपोर्ट येईस्तोवर गप्प बसायचं ठरवलं होतं, आता लिहिते. अंगद, मी किडनी सांभाळायला नव्हती दिली रे. ती माझ्यापाशी बरी होती की. मला माझा भाऊ पाहिजे होता, सगळाच्या सगळा.

तुझी,
अक्का